सणाची रजा आणि बरोबर आलेले काम



आजच्या माझ्या विषयात वेदान्त नाही, राजकारण नाही, की साहित्यातला एखादा जुना वादही नाही. भाद्रपदात आणि दिवाळीच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जे घडते आहे, त्याविषयीच मला आज बोलायचे आहे. सणाला मुलगा गावी येतो, सून येते, नातवंडे येतात. आणि त्यांच्या सामानाबरोबर एक काळी पिशवी येते. तिच्यात लॅपटॉप असतो. ती पिशवी उघडली की सबंध कचेरी घरात येऊन बसते. म्हातारी आई शेजारणीला सांगते, ‘‘दहा दिवसांसाठी आलाय हो!’’ आणि शेजारीण विचारते, ‘‘मग दिसत कसा नाही?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

सणाला गावी जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी जाई. पूर्वी तो बोटीने गेला, मग एस.टी.ने गेला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाल्यावर रेल्वेने जाऊ लागला. वाहन बदलले, पण एक गोष्ट कायम राहिली. चाकरमानी निघाला की त्याचा साचा, त्याची खाते-वही, त्याचा मुकादम सारे मुंबईत राहत असे. गिरणी काही खांद्यावर टाकून नेता येत नव्हती! तो गावी पोहोचला म्हणजे पोहोचलाच. त्याचा हात आरतीच्या टाळांना मोकळा होता आणि त्याचे मन भजनाला मोकळे होते.

२०२० साली हे बदलले. महामारीच्या टाळेबंदीत लाखो लोकांना घरूनच काम करावे लागले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, आणि कोकणात जाणाऱ्यांना गावी पोहोचल्यावर दहा दिवसांचे विलगीकरण सांगितलेले होते. ज्यांना सण गावी करायचा होता त्यांना बरेच आधी निघणे भाग होते. दीर्घ रजा कुणाजवळ होती? ज्यांचे काम लॅपटॉपवर चालण्यासारखे होते ते काम घेऊनच गेले. संकटाच्या काळात ते योग्यच होते. महामारी ओसरली, पण अनेक कचेऱ्यांत ही रीत थोड्याफार प्रमाणात राहिली. आणि रीत राहिली म्हणजे तिचे बरेवाईट तपासणे प्राप्तच आहे.

प्रथम बरे सांगतो, कारण ते लहान नाही. ज्या तरुणाला पूर्वी चतुर्थीसाठी जेमतेम दोन दिवस मिळत आणि दीड दिवसाचा गणपती पोहोचवून रात्रीच्याच गाडीने परतावे लागे, त्याला आता अनंत चतुर्दशीपर्यंत गावी राहता येते. आईवडिलांची औषधे, घराची कौले, सातबाऱ्याचे रेंगाळलेले काम, हे सगळे त्याला पाहता येते. नातवंडांना आजीची भाषा कानी पडते. लॅपटॉप फोडा आणि नारळाबरोबर वाहा, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. माझी तक्रार निराळीच आहे.

ती समजण्यासाठी थोडे घड्याळाचे गणित करू. आपल्याकडच्या संगणक-व्यवसायातले पुष्कळसे काम अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी चालते. भाद्रपदात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेथे सकाळी दहाला लोक चहा पिऊन कामाला बसले आणि मीटिंग बोलावली, की आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. साडेसातला आपल्या घरी काय असते? आरती! निरांजन लावलेले आहे, पोरे झांजा घेऊन उभी आहेत, वाडीतली माणसे ओटीवर जमली आहेत. आणि घरचा कर्ता मुलगा मागच्या पडवीत दार लोटून, कानाला यंत्र लावून, अमेरिकेला हिशेब देतो आहे. आतून कुणी हाक मारली तर तो हाताने ‘थांबा’ म्हणून खुणावतो. देव थांबतो, पण माणसे किती वेळ थांबणार? आरती होऊन जाते. तो बाहेर येतो तेव्हा प्रसाद हातावर पडतो आणि गुरुजी चपला शोधत असतात.

दिवाळीतले गणित तर आणखी मजेचे आहे. अमेरिकेतले लोक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळे एक तास मागे घेतात. २०२४ साली तो रविवार ३ नोव्हेंबरचा होता आणि त्याच दिवशी आपली भाऊबीज होती. म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत साडेसातला येणारी मीटिंग भाऊबिजेनंतरच्या सोमवारी साडेआठला आली. आरतीची वेळ सोडली आणि जेवणाची वेळ धरली, इतकाच काय तो फरक! ज्या घराने हे आधी पाहून ठेवले नसेल त्याच्या पानावरचे गरम अन्न त्या सोमवारी गार झाले असणार.

आता माझा मुद्दा सांगतो. अर्धी हजेरी ही दोन्हीकडची गैरहजेरी असते. जो माणूस मन आरतीकडे ठेवून मीटिंगला बसतो तो काम नीट करीत नाही. आणि जो मन मीटिंगकडे ठेवून आरतीला उभा राहतो तो सण करीत नाही. बोलावणाऱ्यांना वाटते तो आला, पाठवणाऱ्यांना वाटते तो कामावर आहे, आणि खुद्द त्याला वाटते की आपण दोघांनाही फसवतो आहोत. दहा दिवसांनी तो शहरात परततो तेव्हा तो विसावलेला नसतो, दमलेला असतो. सण करूनही सण न केल्याची आणि काम करूनही काम न केल्याची अशी दुहेरी खंत तो बरोबर नेतो.

आणि यापेक्षाही मोठी एक हानी आहे, जी डोळ्यांना दिसत नाही. तो तरुण अभिमानाने सांगतो, ‘‘दहा दिवस गावी होतो, आणि एकही रजा खर्च झाली नाही!’’ श्रोतेहो, हे वाक्य मला धोक्याचे वाटते. सुटी ही वस्तू आपल्याला कुणी पंचांगातून काढून दिलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे, आणि तो याच महाराष्ट्रातल्या माणसांनी घडवला आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण ऐकले असेल. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्या काळी आठवड्याच्या सुटीची शाश्वती नव्हती. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुटी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त इतकेच असावे, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आज ऐकताना त्या किती माफक वाटतात! पण त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात, आठवड्याच्या सुटीला कायद्याचा आधार मिळाला.

या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की सुटी मागितल्यावाचून मिळाली नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. लोखंड्यांनी ‘ज्याला वाटेल त्याने वाटेल त्या दिवशी विसावा घ्यावा’ असे मागितले नाही. त्यांनी सर्वांसाठी एकच वार मागितला. कारण सुटी ही सामायिक असली तरच सुटी असते. सगळी गिरणी बंद असली की कामगाराला मागे राहिलेल्या कामाची चिंता नसते, कुणी आपल्या पुढे जाईल ही भीती नसते, आणि शेजारीपाजारी, सोयरेधायरे त्याच दिवशी मोकळे असतात. एकट्याची सुटी म्हणजे नुसती विश्रांती. सगळ्यांची सुटी म्हणजे सण.

गिरणीचा भोंगा गप्प झाला की सुटी झाली, हे त्या कामगाराला कानाने कळत होते. आजच्या माणसाचा भोंगा त्याच्या खिशात आहे, आणि तो गप्प केव्हा व्हायचा हे ठरवणारे कुणीच उरलेले नाही. जी भिंत पूर्वी गिरणीने, अंतराने आणि घड्याळाने उभी केलेली होती, ती आता ज्याची त्याला उभी करायची आहे. एकट्याने ती उभी राहत नाही, म्हणून कडेकडेने ढासळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कुणी आपली सुटी हिरावून घेतलेली नसते. आपणच ती ‘‘असू दे, बघतो मी’’ म्हणून दिलेली असते.

काही देशांनी या बाबतीत कायदा केला आहे. कामाची वेळ संपल्यावर निरोपांना उत्तर न देण्याच्या हक्काची तरतूद फ्रान्समध्ये २०१७ पासून लागू आहे, आणि ऑस्ट्रेलियात असा कायदा २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमलात येऊ लागला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशा आशयाचे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. पण म्हणून आपल्या हाती काहीच नाही असे नव्हे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा आहे. तो जेथे लागू आहे तेथे वर्षाला आठ भरपगारी सुट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या मालक व कामगार यांनी आपसात ठरवायच्या. केव्हा? वर्ष सुरू होण्यापूर्वी! कायदा करणाऱ्यांना जे कळले ते आपल्याला कळायला हवे. सणाचा बंदोबस्त सणाच्या दिवशी होत नसतो.

म्हणून आता व्यवहाराचे बोलतो.

आपण गावच्या गाडीचे तिकीट कसे काढतो? रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला घरातली चार माणसे चार फोन घेऊन बसतात, कारण पाच मिनिटे उशीर झाला तर गाडी भरलेली असते. आणि रजा? ती मात्र आपण निघण्याच्या चार दिवस आधी, चाचरत मागतो. माझे सांगणे इतकेच, की ज्या दिवशी तिकीट काढाल त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या. दोन महिने आधी मागितलेली रजा वरिष्ठाला अडचणीची वाटत नाही. ऐन वेळी मागितलेली वाटते. आणि हे एकेकट्याने न मागता बरोबरच्या सर्वांनी मिळून ठरवावे. कोण चतुर्थीला जाणार, कोण दिवाळीला, कुणाला नाताळ हवा, कुणाला ईद हवी, याचा एक तक्ता केला की कुणाचे काम कुणी पाहायचे हे आपोआप ठरते.

दुसरी गोष्ट, दिवसांची सरमिसळ करू नका. दहा दिवस गावी राहायचे असेल तर त्यातले चार पुरे सणाचे ठेवा आणि बाकीचे पुरे कामाचे. सणाच्या चार दिवसांची रीतसर रजा घ्या, आणि त्या दिवशी ती काळी पिशवी कपाटात राहू द्या. कामाच्या दिवशी नेमून दिलेल्या वेळी बसा आणि नेमून दिलेल्या वेळी उठा. दहाही दिवस अर्धे अर्धे करणाऱ्याच्या हाती शेवटी एकही दिवस लागत नाही. प्रवासाचा दिवस हाही रजेचाच धरा. गाडीत बसून काम उरकू म्हणणाऱ्याला कोकणातले बोगदे भेटलेले नसतात! शिवाय मुले खिडकीशी बसून नद्या मोजत असताना बापाने पडद्याकडे पाहत राहावे, हे काही बरे दिसत नाही.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या बाजूचे पंचांगही जवळ ठेवा. २०२५ साली आपले गौरीपूजन १ सप्टेंबरला, सोमवारी होते. सप्टेंबरचा पहिला सोमवार ही अमेरिकेत कामगार दिनाची सुटी असते. तेव्हा अमेरिकेच्या कामावर असलेल्यांना त्या दिवशी तिकडची मीटिंग येण्याचे फारसे कारण नव्हते, आणि ज्यांनी पंचांग पाहिले होते त्यांना हे महिनाभर आधीच ठाऊक होते. तसेच, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा आभाराचा सण येतो, डिसेंबरात नाताळ येतो. त्या दिवसांत त्यांचे काम आपण सांभाळतो. मग आपल्या चतुर्थीला आमचे काम तुम्ही पाहा, असे मोकळेपणाने सांगायला संकोच कसला? आपला सण त्यांच्या पंचांगात नाही हा त्यांचा दोष नव्हे. तो आपण त्यांना सांगितलाच नाही, तर मात्र तो आपला दोष आहे.

चौथी गोष्ट साधनांची. गावात वीज जाते, पावसात तर हमखास जाते. आणि फोनची रेंज कुठे साकवाजवळ मिळते, कुठे देवळाच्या पायऱ्यांवर. कामाच्या दिवसांसाठी बसायची जागा, इंटरनेट आणि विजेची सोय आधी चौकशी करून ठरवावी. घरी जमत नसेल तर तालुक्याच्या गावी कुठे सोय होते ते पाहावे. मुलाची मीटिंग आहे म्हणून म्हाताऱ्या वडिलांनी पंखा बंद करून बसावे, हे कुठल्याही कामापेक्षा महाग पडते.

पाचवी गोष्ट, घराला सांगा. कचेरीला जे सांगता ते घराला का सांगत नाही? ‘‘आई, उद्या आणि परवा मी तुझा. सोमवारी दोन वाजल्यापासून मी कामाला बसेन, रात्री नऊला उठेन. त्या दिवशी आरती आपण नऊनंतर करू, किंवा तुम्ही करा, मी सकाळच्या पूजेला असेन.’’ एवढ्या चार वाक्यांनी घरातली निम्मी धुसफूस नाहीशी होते. वडीलधाऱ्यांना आपल्या कामाचा राग नसतो. तो केव्हा येईल हे कळत नाही, त्याचा त्रास असतो.

आता थोडे भगिनींविषयी. मुलाने लॅपटॉप उघडला की घर दबक्या आवाजात बोलते, ‘‘त्याचे काम चाललेय.’’ सुनेने उघडला की तेच घर विचारते, ‘‘झाले का गं तुझे?’’ तिची सकाळ मोदकांच्या उकडीत जाते, दुपार पंगती वाढण्यात जाते, आणि सायंकाळी साडेसातला तिचीही मीटिंग असते. ती दोन पाळ्या करते; एक पगाराची आणि एक बिनपगाराची. श्रोतेहो, याच सणात आपण गौरी आणतो. ती माहेरवाशीण म्हणून येते. पहिल्या दिवशी तिचे स्वागत, दुसऱ्या दिवशी तिची पूजा आणि जेवण, तिसऱ्या दिवशी तिची पाठवणी. तीन दिवस तिच्याकडून कसलेही काम आपण घेत नाही. मुखवट्याच्या गौरीला जो विसावा देतो त्याचा काही अंश हाडामांसाच्या गौरीलाही द्यावा की नाही? पंगत पुरुषांनी वाढावी, चार पदार्थ कमी करावेत. देव पानातले पदार्थ मोजत बसत नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांचा प्रश्न याच जातीचा आहे. तिकडची महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव बहुधा शनिवार-रविवार पाहून करतात. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण सर्वांनी एकत्र येणे हेच सणाचे मूळ आहे. पण डिसेंबरात ती मुले तीन आठवड्यांसाठी इकडे येतात आणि त्यांतले दोन आठवडे ‘इथूनच काम करतो’ म्हणतात, तेव्हा काय होते? हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात, आणि तेथले पाच म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. मुलगा रात्रभर जागतो आणि दुपारपर्यंत झोपतो. आजी दाराशी येऊन हळूच डोकावते आणि परत जाते. तीन आठवडे मिळाले, या हिशेबात त्या आजीला प्रत्यक्ष किती तास मिळाले? त्यापेक्षा दहाच दिवस यावे आणि पुरते यावे.

यावर कुणी म्हणेल, ‘‘तुमचे म्हणणे ठीक आहे, पण नोकरीची शाश्वती कुठे आहे? रजा मागणाऱ्याचे नाव आधी खालच्या यादीत जाते.’’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण आपण रजा न घेतल्याने ती भीती कमी होते का? उलट, एकाने सणातही काम केले की तेच दुसऱ्याचे माप ठरते. माझ्या टेबलाशेजारचा तरुण, ज्याच्या घरी नुकतेच मूल झाले आहे, त्याने रजा मागितली की त्याला माझे उदाहरण दाखवले जाते. माझी न घेतलेली रजा ही केवळ माझी राहत नाही. ती त्याच्या रजेवर जाऊन बसते. १८९० च्या त्या सभेतल्या माणसांची नोकरी आपल्यापेक्षा अधिक शाश्वत होती काय? त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. जे मागायचे ते त्यांनी सर्वांनी मिळून, आणि उघडपणे मागितले.

सारांश, काम घरी आले यात अनिष्ट काही नाही. पाहुण्यासारखे आले, वेळ सांगून आले आणि वेळेवर उठले, तर त्याला पाट मांडायला घर तयार असते. घरमालक होऊन बसले, तर मात्र त्याला उठवण्याचे धैर्य आपल्याला दाखवावे लागेल. म्हणून पुढल्या भाद्रपदात गावचे तिकीट काढाल तेव्हा रजेचा अर्जही त्याच दिवशी लिहा. आणि आरतीच्या वेळी पडवीचे दार लोटलेले दिसले, तर आत जाऊन रागावू नका. शेजारी बसा, आणि उद्याची वेळ दोघांनी मिळून ठरवा.

 जिच्याविषयी मी इतका वेळ बोललो ती रजा आता मी स्वतःच घेतो.